शेवट सांगणाऱ्या काकू

सवितानं आमच्या ‘शेवटचा रविवार’ या व्हॉट्सॲप ग्रुपवर “काकू गेल्या” एवढाच निरोप टाकला, तेव्हा मी नेरच्या आमच्या मेडिकल दुकानात एका म्हाताऱ्याला खोकल्याचं औषध जेवणाआधी घ्यायचं की नंतर ते समजावत होते. मोबाईल वाजला, मी वाचलं, आणि त्या म्हाताऱ्याला उलटंच सांगून बसले. बिचारा दारातून परत आला म्हणून बरं झालं. तेवढ्यात मंदाताईंनी ग्रुपवर हात जोडायच्या घाईत अंगठा वर केलेलं चित्र पाठवलं. रेहानानं लिहिलं, “मंदाताई, काय करून राह्यल्या तुमी?” मंदाताईंना तो अंगठा पुसता येईना, मग त्यांनी आणखी एक पाठवला. प्रमिलाकाकू असत्या तर पोट धरून हसल्या असत्या आणि म्हणाल्या असत्या, “चला, एक तरी खरं बोलली.”

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तो नियम पाळायचा तर प्रमिलाकाकूंवरचा हा लेख मला इथंच आटोपता घ्यावा लागेल. त्या प्रेमळ नव्हत्या. ‘वरून फणस, आतून गोड गरे’ वगैरे जे अशा लेखांत लिहितात तसंही काही नव्हतं. आत बाहेर सगळे काटेच होते, आणि तरी आम्ही चौघी वर्षानुवर्षं दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्यांच्या मॅचिंग सेंटरचं अर्धं ओढलेलं शटर वाकून ओलांडत आत जायचो. साड्यांच्या फॉलच्या गठ्ठ्यांवर बसायचो आणि कादंबरीवर बोलायचो. कादंबऱ्या म्हणजे काही बक्षीसपात्र वगैरे नाहीत. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर मिळतात त्या... खुनाच्या, भुताच्या, श्रीमंत घरातल्या भांडणाच्या, मुखपृष्ठावर रडणारी बाई असलेल्या. काकूंना त्याच आवडायच्या. जड पुस्तकाबद्दल त्या म्हणायच्या, “ते वाचून मानूस शहाना दिसते, होत नाही.”

पाच बायका आणि पुस्तकाची प्रत एक, यावर काकूंनीच तोड काढली होती. शाळेची रजिस्टरं बांधणारे युसूफभाई बाइंडर काकूंच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत राहतात. नवी कादंबरी आली की काकू ती त्यांच्याकडे नेऊन तिचे पाच भाग करून घ्यायच्या. युसूफभाई शिवण उसवून फर्मे, म्हणजे पानांचे जुडगे, सुटे करायचे आणि प्रत्येक भागाला खाकी पुठ्ठा लावून द्यायचे. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा मी तोंड फिरवलं होतं. काकू म्हणाल्या, “काहून वो ज्योते, कोंबडी कापून राह्यले काय? फोडल्याबिगर लाडू वाटता येते का कुठी?” मग ते भाग साखळीनं फिरायचे. पहिला भाग काकू वाचणार, मग तो माझ्याकडे, माझ्याकडून रेहानाकडे, तिच्याकडून मंदाताईंकडे आणि सगळ्यांत शेवटी सविताकडे. तोवर काकू दुसऱ्या भागात, तिसऱ्या भागात. सगळ्यांचं वाचून झालं की युसूफभाई पाचही भाग पुन्हा शिवून एक पुस्तक करायचे आणि ते काकूंच्या काचेच्या कपाटात, अस्तराच्या ताग्यांशेजारी जाऊन बसायचं.

या साखळीत एक गोम होती आणि ती काकूंनी जाणूनबुजून ठेवलेली होती असं माझं स्पष्ट मत आहे. महिन्याचा शेवटचा रविवार यायचा तेव्हा सविताच्या हातात नुकताच चौथा भाग आलेला असायचा. पाचवा अजून मंदाताईंच्या उशाशी. आणि बैठक कोणासाठी थांबत नसे, हा नियम. त्यामुळे दर महिन्याला सवितासमोर आम्ही शेवटाची चर्चा करायचो. काकू तर चर्चेपर्यंतही थांबायच्या नाहीत. सविता त्यांच्याच दुकानात पिको-फॉलच्या मशीनवर बसायची. ती सुईत दोरा ओवत असताना, अगदी ती डोळा बारीक करून श्वास रोखून बसलेली असताना काकू गल्ल्यावरून सांगायच्या, “नवऱ्यानंच मारलं तिले. घे, चहा घे.”

सविता राठोड आमच्यात सगळ्यांत लहान. नेरजवळच्या तांड्यावरून रोज एसटीनं यायची. बारावीपर्यंत शिकलेली. सासरचं जुळलं नाही म्हणून आईकडे परत आलेली. तिला वाचायला मिळायचं ते एसटीत, बहुतेक वेळा उभ्यानंच. आणि ती एकटीसाठी वाचायची नाही. तिची आई, तिची याडी, हिला अक्षर येत नव्हतं, पण गोष्टीची भारी हौस. सविता रोज संध्याकाळी भाकरी थापता थापता वाचलेलं सगळं तिला बंजाऱ्यांच्या गोरबोलीत सांगायची. त्यामुळे शेवट आधी कळला की तिचं दुहेरी नुकसान व्हायचं. “मले पुढचं माहीत नाही असं तोंड करून सांगा लागते ताई,” ती मला एकदा म्हणाली, “नाहीतं याडी मनते, तुह्या आवाजावरूनच समजलं का ते मरते.” मग हळूहळू ती आईसाठी शेवट बदलायलाच लागली. मेलेल्याला जगवायची, पळून गेलेल्याला परत आणायची. आईला आवडेल तसं सगळं करून द्यायची आणि त्यात ती इतकी तरबेज झाली की रेहाना म्हणायची, सविता सांगते ती कादंबरी आपण वाचतो त्याहून बरी असते.

सविताचं एकच मागणं होतं. एकदा, फक्त एकदा, शेवट काकूंच्या आधी आपल्याला कळावा. तिनं ते कितीदा मागितलं याची गणती नाही. कधी लाडीगोडीनं, कधी रडकुंडीला येऊन. काकू फॉलला इस्त्री करता करता म्हणायच्या, “पयली वाचाची असन तं पयले जन्माले याचं होतं.” एकदा सविता चिडून म्हणाली की मग मी क्लबच सोडते. काकू म्हणाल्या, “सोड. मशीन सोडू नको.” आणि पुढच्या महिन्यात सविता फॉलच्या गठ्ठ्यावर परत बसलेली होती.

मग आम्ही जायचो कशाला, असं कोणी विचारेल. मीही स्वतःला विचारलं आहे. याचं खरं उत्तर असं, की त्या गावात आमच्याशी पुस्तकाबद्दल खोटं न बोलणारी ती एकच बाई होती. रेहाना एका नायिकेच्या मरणावर ढसाढसा रडली तेव्हा काकूंनी तिला विचारलं, “ते मेली म्हनून रडून राह्यली का तुले बी तसंच मराव वाटते म्हनून?” रेहाना रडायची थांबली. मग घरातलं असं काही बोलली जे ती कोणाजवळ बोलली नव्हती. माझी एक कथा दिवाळी अंकात छापून आली तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात अंक घेऊन गेले. काकूंनी ती सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली आणि शेवटचं पान टरकन फाडून माझ्या हातात दिलं. “हे घरी घेऊन जा. बाकीची बरी हाय.” त्या रात्री मी चडफडतच झोपले. सकाळी त्या फाटलेल्या पानाशिवाय कथा वाचून पाहिली... आणि ती खरंच बरी होती. अशा माणसाचा रागही धड करता येत नाही.

पण एक प्रसंग असा आहे की त्यात काकूंच्या बाजूनं बोलायला मला आजही काही सापडत नाही. त्यांची एकुलती एक मुलगी अश्विनी. तिनं आपल्या मनानं लग्न केलं आणि ती नवऱ्याबरोबर उमरखेडला गेली. जात वेगळी होती, पण काकूंचा राग जातीवर नव्हता, विचारलं नाही यावर होता. दोन-तीन वर्षांनी अश्विनी लहान बाळाला कडेवर घेऊन दुकानात आली. मी तेव्हा तिथंच साडीला फॉल लावून घ्यायला बसले होते. अश्विनी काउंटरसमोर उभी राहिली. काकूंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि ज्या आवाजात त्या गिऱ्हाइकाशी बोलायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, “बोला ताई. काय दाखवू? मॅचिंग पायजे का अस्तर?” सविताचं मशीन थांबलं. अश्विनीला वाटलं असावं की आई आता हसेल. ती थोडी थांबली. काकूंनी खरोखरच ताग्यावरून ताग्यावर हात फिरवला आणि बाळाच्या झबल्याच्या रंगाचं कापड काढून तिच्यासमोर पसरलं. “हा रंग बसते का पाहा.” अश्विनी गेली. ते कापड काकूंनी नीट घडी घालून परत जागेवर ठेवलं आणि सविताला म्हणाल्या, “मशीन काहून बंद पडली?” त्यानंतर त्यांनी अश्विनीचं नाव काढलं नाही आणि आमच्यापैकी कोणाची काढायची छाती झाली नाही.

मग काकूंच्या किडन्या गेल्या. यवतमाळला डायलिसिसला एसटीनं जायच्या, सोबत सविता. परत आल्यावर त्यांचं तोंड राखेसारखं व्हायचं, पण गल्ल्यावर बसायच्याच. पुढं पुढं तेही होईना. दुकानाच्या मागच्या खोलीत खाट टाकली, तिथून त्यांना मशीन दिसायचं, काउंटर दिसायचा. उधारीवाल्या बायकांना त्या खाटेवरूनच शिव्या द्यायच्या. आणि त्याच खोलीत बसून त्यांनी त्या महिन्याची कादंबरी आल्यावर जाहीर केलं की साखळी उलटी करा. “माह्यानं आता लवकर वाचनं होत नाही. सविता पयली. मले आखरी ठेवा.”

सविताचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. लग्नातसुद्धा ती इतकी खुलली नसेल, आणि तिच्या लग्नाचं काय झालं ते पाहता हे काही फार मोठं बोलणं नाही. ती मशीनवर बसल्या बसल्या वाचायची, काकूंच्या डोळ्यांसमोर. मुद्दाम पान सावकाश उलटायची, मध्येच “अरे बापा!” म्हणायची. काकू खाटेवरून बघत राहायच्या. कादंबरी कौटुंबिक होती. एक हेकट आई असते, ती मुलीला घराबाहेर काढते, मग म्हातारी होते, आजारी पडते आणि मुलीची वाट पाहते, पण बोलावत मात्र नाही. काकूंनी नेमकं हेच पुस्तक का मागवलं कोण जाणे. स्टॉलवाल्यानं जे दिलं ते आलं, असं त्या म्हणाल्या. चार भाग आमच्यात फिरले. पाचवा मात्र सवितानं दाबून ठेवला. माझं व्हायचंय, माझं व्हायचंय करत रविवार उजाडला. म्हणजे त्या रविवारी शेवट फक्त तिलाच माहीत होता.

आम्ही खाटेभोवती बसलो. काकूंचे पाय सुजलेले होते, बोलताना धाप लागत होती. मंदाताई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, निवृत्त झाल्या, माणसाचं किती उरलं आहे ते त्यांना एका नजरेत कळतं. त्या म्हणाल्या, “या महिन्यात शेवट राहू द्या. काकूंचं वाचून झालं का मंग बोलू.” काकू उसळल्या. “काहून? मी मरून राह्यली म्हनून नियमबी मेला का? सांग वो सविते.”

सवितानं आमच्याकडे कोणाकडेच पाहिलं नाही. फक्त काकूंकडे पाहून, शांतपणे, जशी ती संध्याकाळी याडीला सांगत असेल तशी सांगत गेली. “पोरगी येते. तिले कोनीतरी सांगते का माय बिमार हाय. गाडी करून येते. फाटकापावतर येते. आत लाइट चालू दिसते, माय खाटेवर दिसते. पोरगी फाटकाची कडी काढते... आनि मंग वापस लावते. गाडीत बसून निंगून जाते. मायले मालूमबी पडत नाही का ते आलती.”

रेहानानं ओढणीचं टोक तोंडात धरलं होतं. मी काकूंकडे बघायचं टाळत होते, पण बघितलंच. त्या छताकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, “बराबर. असंच होते.” आणि थोड्या वेळानं, “चहा टाक.” चहा झाल्यावर सगळ्या उठल्या तेव्हा मी मागे थांबले. धीर करून विचारलं, “काकू, अश्विनीला फोन लावू का? माझ्याजवळ नंबर आहे तिचा.” काकू हसल्या. तसं हसताना त्यांना खोकला आला. “आयकलं नाही का तुनं? फाटकावरून वापस जाते. कायले पेट्रोल जाळाले लावतं पोरीले?” मी फोन पिशवीत ठेवला. सविता दारात उभी राहून ऐकत होती. त्याच आठवड्यात काकू गेल्या. अश्विनीला कळवलं, ती आली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. सवितानं तिला दुकानाची किल्ली दिली. ती आत गेली, काउंटरच्या ज्या बाजूला गिऱ्हाईक उभं राहतं त्या बाजूला थोडा वेळ उभी राहिली आणि संध्याकाळच्या गाडीनं उमरखेडला परत गेली.

तेरवी झाल्यावर सवितानं पाचवा भाग माझ्याकडे दिला. दुपारी दुकानात गर्दी नव्हती, मी तिथंच वाचला. कादंबरीतली मुलगी फाटक उघडते. आत येते. आई तिला ओळख दाखवत नाही, आणि मुलगी काही न बोलता स्वयंपाकघरात जाऊन खिचडी टाकते. दोघी एका ताटात जेवतात. अगदी बाळबोध, गोड शेवट होता, आसवांचा पूर आणि वर तूप. मी दुकान नवऱ्यावर सोपवलं आणि तडक सविताकडे गेले. ती मशीनवर नुसतीच बसली होती, समोर कापड नव्हतं. मी खाकी पुठ्ठा तिच्यापुढं टाकला. ती म्हणाली, “हौ. खोटं सांगतलं मी.” मला बोलूच दिलं नाही. “इतकी वर्सं तिनं मले सांगतला शेवट. एक डाव मी तिले सांगतला. माह्या मनाचा. तिले मालूम नव्हता आनि मले मालूम होता, असा एकच दिवस आला ताई माह्या जिंदगीत.” असं म्हणताना तिचा चेहरा तापला होता. मग तो एकदम उतरला. “पन मंग तुमी फोनचं इचारलं. आनि तिनं नाही म्हनलं. माह्या बोलन्यानं नाही म्हनलं. मी याडीले हे गोष्ट सांगतलीच नाही अजून. ते रोज इचारते, त्या पोरीचं पुढं काय झालं.”

तिच्या दोन्ही बोलण्यांत खोट नव्हती. तिला आनंद झाला होता आणि तो आनंद तिला खात होता. मला तिचा रागही आला होता आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला होता.

रेहाना आणि मंदाताईंचं वाचून झाल्यावर पाचही भाग शिवून घ्यायला मी युसूफभाईंकडे गेले. त्यांनी भाग हातात घेतले, क्रमानं लावले आणि पाचव्यावर हात ठेवून म्हणाले, “ये आखरी हिस्सा बाई ने पढ लिया था ना, अच्छा हुआ.” मी म्हटलं, नाही भाई, त्यांच्यापर्यंत तो पोचलाच नाही. युसूफभाईंनी माझ्याकडे मी काही येड्यासारखं बोलल्यागत पाहिलं. “भाभी, मैं बाई के इधर जाके काटा ना ये किताब, सवेरे, सविता के आने से पहले. बाई खटिया पे थी. हमेशा की तरह बोली, आखरी हिस्सा पहले काट के दे. मैं बाकी के काटता रहा, तब तक उन्होंने पढ के वापस भी कर दिया.” मी विचारलं, हमेशा म्हणजे? ते म्हणाले, “हर किताब में. यहीं, मेरी दुकान के इस स्टूल पे बैठ के. पहले आखिर पढती, फिर शुरू से. बोलती थी, मुझे धोका पसंद नहीं.”

खळीचा वास नाकात घेऊन मी तिथं उभी होते. म्हणजे त्या रविवारी, पाय सुजलेल्या, धाप लागलेल्या काकूंना माहीत होतं की मुलगी आत येते आणि खिचडी टाकते. सविता त्यांच्या तोंडावर खोटं बोलते आहे हेही माहीत होतं, आणि ते खोटं कोणासाठी शिवलंय तेही. आणि त्या म्हणाल्या, बराबर. त्यांनी सविताची कीव केली असं मला वाटत नाही, कीव त्यांच्या स्वभावात नव्हती. मला वाटतं, त्यांना तो शेवट खरोखरच जास्त पटला. फोन नको हे त्यांचं आधीच ठरलेलं होतं, सविताची गोष्ट त्यांनी फक्त निमित्ताला घेतली. पोरीला काउंटरवर उभं करून कापड दाखवलं तीच ही बाई, आणि शेवटपर्यंत तीच राहिली. तिच्यासाठी मला वाईट वाटतं आणि अश्विनीसाठी त्याहून जास्त.

मागच्या महिन्याचा शेवटचा रविवार आला तेव्हा आम्ही चौघी पुन्हा शटर वाकून ओलांडून आत गेलो. दुकान आता अश्विनीच्या परवानगीनं सविता चालवते. शिवून आलेलं पुस्तक मी पुढं ठेवलं. माझ्या मनात एकच होतं. फोनचं पाप आपल्यामुळं झालं असं सविताला वाटतंय, ते ओझं तरी तिच्या डोक्यावरून उतरावं. म्हणून मी युसूफभाईंनी सांगितलं ते सगळं सगळ्यांसमोर सांगितलं. सविता, तुझ्या बोलण्यानं काही झालं नाही, त्यांना सगळं माहीत होतं, असंही म्हटलं. मंदाताईंनी डोळ्याला पदर लावला. रेहानानं सविताच्या पाठीवर हात ठेवला. सविता पुस्तकाकडे बघत राहिली. मला वाटलं आता ती रडेल, मोकळी होईल. तिनं रेहानाचा हात बाजूला केला.

“म्हंजे,” ती म्हणाली, “याही डावाले तिनंच पयले वाचलं.”